नमुन्याचे पत्र

“उभय भागीदारांनी धंद्यासंबंधीची सर्व माहिती एकमेकांस दिली असून कोणतीही बाब लपवलेली नाही.” १९७३ साली चिंचवडच्या एका वर्कशॉपची भागीदारी मोडली, तेव्हाच्या करारातले हे चौथे कलम. ते जयसिंगनेच आग्रहाने घालून घेतले होते.

त्याचा भागीदार अजीज याच्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हतेच. लेथ त्याचा, कागद जयसिंगचा, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. अजीजला इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून रोज सकाळी लेथ सुरू होण्यापूर्वी जयसिंग आलेले टपाल मोठ्याने वाचून दाखवी आणि अजीज हात पुसत ऐके. नऊ वर्षांत एक पत्र सुटले नव्हते.

दहाव्या वर्षी सुटले. अजीजने कातलेल्या शाफ्टचा नमुना एका मोठ्या कंपनीने पास केल्याचे ते पत्र. त्या सकाळी जयसिंगने उरलेली तीन पत्रे वाचली, अगदी स्वच्छ उच्चारांत.

“नमुन्याचं काय, राव?” अजीज रोज विचारी.

“बघू,” जयसिंग म्हणे. हे खोटे नव्हते, याचे त्याला बरेच दिवस समाधान लाभले.

महिन्याने अजीजच म्हणाला, “नापास झाला ना? तू लाजेनं सांगत नाहीस. माझा हात गेला, भावा. माझा हिस्सा तू घे.”

जयसिंगने शोभतील इतके आढेवेढे घेतले. सह्या झाल्या. पत्र कपाटात कुलूपबंद झाले. तरी बोलता बोलता त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे जाई.

ऑर्डर आली. दोन कारागीर आले नि गेले. शाफ्ट मापात बसेना. शेवटी जयसिंग राजगुरुनगरला गेला. अजीज तिथे विहिरींवरचे पंप दुरुस्त करी. लेथला त्याने पुन्हा हात लावला नव्हता.

“साधा वायसरपण हे तीन-तीनदा मोजतात आता,” चहा देताना त्याची बायको गौहर म्हणाली.

“परत चल,” जयसिंग म्हणाला.

अजीज हसला. “येडा का काय? नापास माणसाला घेऊन बुडशील.”

“तुझ्यासारखा हात नाही रे कुणाचा.”

“मग नमुना का नापास झाला? सांग ना.”

चहावर साय धरली. गप्प राहून ज्याने एवढे मिळवले, त्याला इथे गप्प राहून काहीच मिळणार नव्हते. जयसिंगचे शब्द असे होते:

“नमुना पास झाला होता, अजीज. तू हात पुसत समोर उभा होतास, आणि मी ते पत्र खिशात घातलं. मला सगळं एकट्याला पाहिजे होतं. ‘माझा हात गेला’ म्हणालास ना, तेव्हाही ते माझ्या खिशातच होतं.”