काट्यांची टोकं वर की खाली

माझ्या आईने, ओफेलियाने, सदुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. वाल्देमार म्हणजे नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवरचे निवृत्त आचारी. सालतो गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचं खाल्लं नसेल, पण त्यांच्या बढाया सगळ्यांनी ऐकल्या होत्या. लग्न ठरलं तेव्हा मी आणि माझ्या भावाने सगळ्या काळज्या करून घेतल्या. दोघांचे स्वभाव जमतील का, कोणी कोणाच्या घरी राहायचं, वाल्देमारचं घोरणं आईला झेपेल का. डिशवॉशरची काळजी काही आम्हाला सुचली नाही. तो तर आम्हीच लग्नाची भेट म्हणून दिला होता.

लग्नानंतर पाचव्या दिवशी मी पिशवीभर संत्री घेऊन गेले, तर दोघं उघड्या यंत्रासमोर उभे. काटे-चमच्यांची टोपली आईच्या हातात.

"नोएमी, बरं झालं आलीस," आई म्हणाली. "हे बघ. सगळे काटे टोकं वर करून ठेवलेत. घर आहे की किल्ला?"

"टोक वर असलं की पाणी लागतं," वाल्देमार म्हणाले. "टोक खाली खुपसलं तर अंड्याचा पिवळा बलक तिथेच बसतो, सरकारी नोकरासारखा. तीस वर्षं बोटीवर काटे मोजलेत मी."

"आणि मी चौतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात होते. जे तोंडात जाणार, त्याला बोट लावायचं नाही. मूठ वर, टोक खाली. काढताना मूठ धरायची. कुठल्याही शहाण्या माणसाला विचार."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी संत्री कुठे ठेवू म्हणून विचारलं.

त्यावर चमच्यांचा वेगळा तंटा होता. आई चमचे एका कप्प्यात ठेवायची, काटे दुसऱ्यात, म्हणजे काढताना मूठभर उचलायचे की झालं. वाल्देमारना ते अजिबात पटत नव्हतं. "चमचे एकत्र ठेवले की एकमेकांच्या कुशीत शिरून झोपतात," ते म्हणायचे. "पाणी बिचारं बाहेरच ताटकळत उभं राहतं."

"झोपू देत की. तू नाही का झोपत दुपारी?"

ही दुपारची झोपच आईच्या कामी यायची. जेवण झालं की वाल्देमार मशीन भरायचे, आडवे व्हायचे, आणि घोरणं सुरू झालं की आई हळूच जाऊन एकूण एक काटा उलटा करायची. तेही काही कमी नव्हते. मंगळवारी आई केस सेट करून घ्यायला गेली की ते मशीन उघडून सगळं पुन्हा आपल्या मनासारखं लावून ठेवायचे. कधी कधी दोघांच्या फेऱ्या एकावर एक पडायच्या, मशीन सुरू करायचं राहूनच जायचं, आणि रात्री जेवायला बसलं की घरात स्वच्छ काटा एकही नसायचा. एकदा तर मी राविओलीचे सारण भरलेले चौकोन चमच्याने तोडून खाल्ले. आई म्हणाली, "बोटीवरची पद्धत आहे, सवय होईल."

एका शुक्रवारी मी गेले तर वाल्देमारच्या उजव्या अंगठ्याला पट्टी. पट्टी कसली, अंडंच बांधलं होतं जणू.

"काय झालं?"

"गुलाब," ते म्हणाले. "फांद्या छाटत होतो."

आई आतून आली, त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि पट्टी सोडायला लागली. चौतीस वर्षांत तिने भलेभले तोंड दाबून बसलेले पाहिलेत, तिच्यापुढे हात मागे घ्यायची कोणाची टाप नाही. चष्मा नाकावर ओढून तिने अंगठा निरखला.

"चार ठिपके," ती म्हणाली. "एका रांगेत. सारख्या अंतरावर. वाल्देमार, गुलाबाला असे मोजून मापून चार काटे कधीपासून यायला लागले?"

वाल्देमार खिडकीबाहेर बघत राहिले.

"जात वेगळी आहे," शेवटी ते म्हणाले.

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने नीट औषध लावलं, फुंकर घातली आणि दोन बोटांच्या रुंदीची स्वच्छ पट्टी बांधली. बांधताना म्हणाली, "काटा खाली असता तर आज मूठ टोचली असती का रे?" त्यांनी हात काही लवकर काढून घेतला नाही.

मी मात्र घरी आले ती ठरवूनच की हे आता पुरे. माझे यजमान म्हणाले, "तू त्यात पडू नकोस." मी पडले. सुट्या भागांच्या दुकानातून तशीच दुसरी टोपली आणली आणि सोमवारी दोघांसमोर ठेवली. डावी आईची, उजवी वाल्देमारची. ज्याने त्याने आपली भरावी, दुसरीला हात लावू नये. खालच्या जाळीत दोन्ही कशाबशा बसल्या, दोन ताटं कमी मावायला लागली, पण दोघांनी मान्य केलं. वाद घालायला काही उरलंच नव्हतं. मी खूश होऊन घरी गेले आणि भावाला राजधानीत, मोन्तेविदेओला, फोन करून माझं कौतुक करवून घेतलं.

गुरुवारी दुपारी गेले. घरात इतकी शांतता की मला वाटलं कोणी आजारी आहे. टेबलाशी दोघं मिलानेसा, पावाचा चुरा लावून तळलेले मांसाचे काप, खात होती.

"मीठ देतेस का?"

"घे."

"आभारी आहे."

दाताच्या दवाखान्यात बाहेर बसलेले लोकही यापेक्षा मोकळे बोलतात. जेवण झालं, वाल्देमारनी आपला काटा आपल्या टोपलीत ठेवला, टोक वर. आईने आपला आपल्या टोपलीत ठेवला, टोक खाली. मग ते अंगणातल्या शेगडीवर माते नावाच्या आमच्या कडू चहासाठी पाणी तापवायला गेले.

"जमलं ना आता?" मी विचारलं.

आई सिंकला टेकून उभी होती. "जमलं," ती म्हणाली. मग नळ घट्ट करत, "नोएमी, अकरा वर्षं मी रोज एक ताट, एक काटा आणि एक पेला धुतला. कसाही ठेवला तरी कोणी हूं की चूं केलं नाही."

मी आणलेली ती टोपली एकदम फार कुरूप दिसायला लागली.

आईने दारातून अंगणाकडे पाहिलं. मग मशीन उघडलं, वाल्देमारच्या टोपलीतून मधोमध एक काटा उचलला, उलटा केला, आणि तसाच टोक खाली करून खुपसला. एकच. दार लावलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि टेबलाशी येऊन अशी बसली जशी काही देवाची मूर्तीच.

वाल्देमार थर्मास घेऊन आत आले. साखरेचा चमचा ठेवायला त्यांनी मशीन उघडलं आणि वाकलेलेच राहिले. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"ओफेलिया!"

"काय रे?"

"माझ्या हद्दीत कोण आलं होतं?"

"मला काय माहीत? गुलाबाला विचार."

ते वळले. मी त्यांना रागावलेलं बघेन असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा सणाला सजवलेल्या घरासारखा झाला होता. "तीन दिवस!" ते म्हणाले. "तीन दिवस वाट पाहतोय मी! मला वाटलं तुला बरं नाही. आज संध्याकाळी डॉक्टरकडे नेणार होतो मी तुला!"

"मला? पट्टी कोणाच्या हाताला आहे?"

"पट्टीचं नाव काढू नकोस. अंड्याचा बलक चिकटलेला काटा कोणी दिला होता मला रविवारी? दवाखान्यात अशीच हत्यारं द्यायचीस का लोकांच्या तोंडात?"

"माझ्या दवाखान्याबद्दल एक शब्द बोललास तर बघ!"

आवाज इतके चढले की शेजारच्या झुलमाबाईंनी कुंपणावरून डोकं काढलं, आणि मला हसताना बघून परत आत नेलं. तेवढ्यात आईने दोन्ही टोपल्या बाहेर काढून टेबलावर उपड्या केल्या, काटे-चमचे सगळीकडे पसरले, आणि वाल्देमार बाही वर सारून समोर बसले. एका टोपलीत सगळं बसवायचं, असं ठरलं. कसं बसवायचं ते मात्र ठरायचं होतं.

"सुऱ्या खाली," आई म्हणाली. "यात तडजोड नाही."

"सुऱ्या खाली, कबूल. मी वेडा नाही. काटे वर."

"काटे खाली."

"अर्धे."

"कुठले अर्धे?"

मी माझी पर्स उचलली. चहाचं पाणी थर्मासमध्ये तसंच पडून होतं, त्याचं भान दोघांनाही नव्हतं. रिकामी टोपली मी बरोबर न्यायला निघाले तेव्हा आईने मान वर न करताच सांगितलं, "ती इथेच ठेव. दोरीवरचे चिमटे ठेवायला बरी आहे." मी ती अंगणात दोरीला अडकवली आणि मागून आवाज ऐकत फाटकाबाहेर पडले. आता चमच्यांवर आले होते.