जपून ठेवलेली कपबशी

कोणीच बोलत नव्हते. स्टोव्हची फरफर तेवढी चालू होती. बाकावर, देवमनच्या पुढ्यात मी वाफाळत होते. आणि त्याचे दोन्ही हात मांडीवरच होते.

मित्रांनो, मी एक जुनी, कान तुटलेली कपबशी आहे. जऊळका स्टेशनासमोरच्या पंजाबरावांच्या हॉटेलात माझे आयुष्य गेले. ती शांतता चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली. पण तिच्यापर्यंत यायचे तर मला थोडे मागे जावे लागेल.

भट्टीतून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते, काठाला निळी रेघ होती. पंजाबरावांनी मला अकोल्याच्या बाजारातून गवतात गुंडाळून आणले आणि काचेच्या कपाटात ठेवले. मास्तर, पोस्टमन, कापसाचे व्यापारी मला उजेडात धरून पाहत आणि वाखाणत. मग एके दिवशी माझा कान तुटला. कपाटातून निघून मी बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात आले.

तेव्हापासून मी एकट्या देवमनची झाले. तो स्टेशनवर हमाली करी. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्या घराचा धर्म बदलला. गावाच्या मनातला कोनाडा बदलला नाही. आत साऱ्यांसाठी काचेचे ग्लास होते, बाहेर त्याच्यासाठी मी. सकाळची गाडी गेली की तो पायरीवर बसून चहा घेई, मला स्वतः विसळी आणि कोनाड्यात पालथी घाली. इतकी हळुवार बोटे मला कपाटातल्या दिवसांतही लाभली नव्हती. आजही धुक्याचा वास आला की त्या सकाळी माझ्यात काठोकाठ भरून येतात. मला वाटे, हेच प्रेम. अपमानालाही ऊब असू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पुढे देवमन मुंबईला गोदीत कामाला गेला. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. दोन वर्षे मी माझ्याच पोकळीत वाऱ्याचा आवाज ऐकत राहिले.

आणि त्या सकाळी तो परतला. पायरीवर न थांबता थेट आत गेला आणि बाकावर रज्जाकचाचांशेजारी बसला. चाचा कल्हईवाले, भाचीच्या लग्नासाठी आयुष्यात प्रथमच मुंबईला निघालेले.

"देवमन, सांग ना बापा, तिथं पेयाले काय काय भेटते?"

"भेंडीबाजारात फालुदा प्या, चाचा. दादरले पियूष. पारशाच्या दुकानात लाल रासबेरी सोडा, नाकात झिनझिन्या येतात! अन् इराण्याचा च्या तर बशीत वतूनच प्या."

"अन् थे परमिट रूम का काय म्हनतात?"

"तिथं जासान तर चाची तुमालेच कल्हई लावन!"

सारे हसले. पंजाबराव तर पोट धरून हसले. देवमन मात्र हसता हसता थांबला.

"खरं सांगू चाचा? तिथल्या ग्लासातून माया आंधी कोन पेला, मले मालूम नाही. माया मांगून कोन पेला, थेही नाही. मले सगळ्यात गोड थेच लागलं."

पंजाबरावांच्या कानी ते गेले की नाही, कोण जाणे. ते लगबगीने बाहेर आले. मला कोनाड्यातून काढले, जाळे पुसले, कढत पाण्याने धुतले, चहाने भरले आणि देवमनपुढे ठेवले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"तुई कपबशी! दोन वर्स कोनाले हात लावू देला नाही. जपून ठेवली म्या."

हीच ती शांतता. रज्जाकचाचांनी आपला ग्लास हळूच खाली ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. एखादी वस्तू जपताना माणूस बाहेर राहत असेल, तर ती हातातून सुटू द्या. त्या सकाळी मला फुटायचे होते. पण कपबशीला स्वतःहून पडता येत नाही.

चहावर साय धरू लागली.

"च्या थंडा होऊन राह्यला ना बे," पंजाबराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "काहून पेत नाही? सांग तरी, मुंबईचा चांगला का माया हातचा?"

देवमनने मला उचलले. तीच बोटे, तीच ऊब. त्याने मला भरलेलीच पंजाबरावांच्या हातात दिली, पिशवी खांद्याला लावली, आणि पायरी उतरून तो वस्तीच्या वाटेला लागला.