सुट्टी पावडर

इस्त्रीखात्यात दिवसभर वाफेत उभी राहणारी ती सून. कामावरून आली की अंगभर पावडर लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून आरशापुढे तो गुलाबी डबा असायचा. आणि आता डॉक्टर म्हणत होते, अंडाशयाचा कर्करोग त्या पावडरीनेही झालेला असू शकतो. डब्यावर नाव असलेल्या कंपनीवर आणखी बायकांनीही दावे लावले होते. वकीलबाईंनी डबा पाहून सांगितलं, भरपाई मिळायला हरकत नाही. ती मिळाली तरच पुढचे उपचार होणार होते.

घरात एकटी सासू गप्प होती. एरवी तिच्या तोंडाला कुलूप लावायला देवालाही जमलं नसतं.

कारण डबा कंपनीचा असला, तरी पावडर कंपनीची नव्हती. खरा डबा एकदाच आला होता, सासऱ्यांच्या हयातीत. तो संपल्यावर सासूने चमच्याच्या टोकाने जाळी उचकटली आणि बाजारातली सुट्टी पावडर आत ओतली. पुढे तसंच चालू राहिलं. घर रिकामं असलं की कागदाचं नरसाळं करून ती डबा भरायची. पाहुण्यांना वाटावं, या घरात सुनेचे लाड होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वकीलबाईंनी साक्षीचा मजकूर वाचून दाखवला. खरेदी सासूची, म्हणून शपथही तिचीच. ती नुसती हो म्हणाली असती तरी भागलं असतं. पण रोज देवापुढे हात जोडणाऱ्या माणसाला खोटं बोलायला बळ लागतं, आणि खरं बोलायला त्याहून जास्त. तिने मनातल्या मनात नाम घेतलं आणि सगळं सांगून टाकलं, नरसाळ्यासकट.

मग मुलगा उठला.

“काटकसर करायला तुला हीच जागा सापडली, आई?”

तो बाहेर जाऊन उभा राहिला. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, या कंपनीवरचा दावा आता संपला. ती सुट्टी पावडर बनवणारा कोण ते शोधावं लागेल, तो सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी हाती काय लागेल कोण जाणे. कोर्टात हे उघडं पडलं असतं तर मात्र तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सासू पदराचं टोक मुठीत घेऊन उठायला लागली. सुनेने तिचं मनगट धरलं. डोक्यावरचा रुमाल सावरत तिने विचारलं, “आई, तुम्हीपण तीच लावायचात?”

“मी कुठली लावतेय गं डब्यातली. भरताना कागदावर सांडायची ना, तेवढी. वाया कशाला घालवायची?”

“कधीपासून?”

“तू यायच्या आधीपासून.”

“आणि परवा पोट जड वाटतंय म्हणालात.”

“ते म्हातारपणाचं, पोरी. तू तुझं बघ.”

सुनेने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने पिशवीतून फोन काढला. वकीलबाईंनी नवा कागद पुढे ओढला होता, त्यांना ती म्हणाली की जरा थांबा, दाव्याचं मागाहून लिहू. पलीकडे दवाखान्यातल्या बाईने तिचा आवाज ओळखला असावा.

“नाही, मला नाही,” सून म्हणाली. “आईंना दाखवायचंय. उद्याच.”