नळीत अडकलेली गोळी

रायफलच्या नळीत काडतूस सारणाऱ्या बोल्टची मूठ खाली पाडताना वसुंधराला जोर लावावा लागला. एरवी एका बोटाने बसणारी मूठ आज अडत होती. समोर जंगलाच्या कडेला रानडुकरं गुरांच्या चराईचं पॅडॉक उकरत होती आणि तिचा नवरा हरीश ओढ्याच्या वरच्या अंगाने त्यांच्याकडे सरकत होता. थांबून बघायला वेळ नव्हता. तिने तळहाताने मूठ दाबली. बसली.

काडतुसं नवी होती, पापाकुरा उपनगरात राहणाऱ्या पुरुषोत्तमकाकांनी भरून दिलेली. काका निवृत्त टूलमेकर; शिकारीची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरायचे. "डुकरांना हलक्या गोळ्या नकोत, वसू. या जड आहेत, हाड फोडून आत जातात," असं म्हणत त्यांनी डबी तिच्या हातात ठेवली होती. जड गोळी लांब असते. काडतुसात खोल बसवली तर ती आतल्या दारूची जागा खाते, म्हणून काकांनी तिचं टोक नेहमीपेक्षा थोडं बाहेर ठेवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या रायफलमधून नेम सुरेख लागत होता. वसुंधराची रायफलही त्याच कॅलिबरची.

डुकरांना कसला तरी वास लागला आणि ती उंच नेच्यांत शिरली. हरीशकडे जायचं तर मधलं तारेचं कुंपण ओलांडायला हवं होतं, आणि भरलेल्या रायफलसकट कुंपण ओलांडायचं नाही हे दोघं लायसन्स काढतानाच शिकले होते. तिने बोल्ट मागे ओढला. तो आधी हललाच नाही, मग हिसका देऊन आला. काडतुसाचं पितळी नळकांडं बाहेर पडलं, पण त्याचं तोंड रिकामं होतं. दारूचे करडे दाणे बोल्टखाली सांडले होते.

गोळी नळीतच राहिली होती.

वसुंधरा हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. पण रायफलींबद्दल काकांकडून तिने बरंच ऐकलं होतं, त्यामुळे काय झालंय ते तिला लगेच उमगलं. काडतूस बसतं ते चेंबर संपतं तिथून नळीतले आटे सुरू होईपर्यंत थोडी मोकळी जागा असते; काका तिला फ्रीबोअर म्हणत. तिच्या रायफलमध्ये ती जागा कमी असणार. लांब गोळीचं टोक आट्यांत रुतलं होतं. नळीला बूच बसलं होतं, आणि ते ढकलून काढायची सळई गाडीत राहिली होती. याच्या मागे दुसरं काडतूस उडवलं तर रायफल तिच्या तोंडासमोर फुटली असती.

"हरीश, थांब!" ती ओरडली. त्याच क्षणी त्याचा बार उडाला.

गोळी एका मोठ्या नराला लागली, पण वरच्यावर. तो नेच्यांतून सरळ हरीशवर आला. हरीश मागे सरकताना ओल्या उतारावर घसरला आणि त्याची रायफल हातातून सुटून खाली घरंगळली.

"वसू, मार! अगं मार ना!"

मॅगझिनमध्ये आणखी काडतुसं होती. तिच्या हातांनी आपोआप बोल्ट अर्ध्यापर्यंत पुढे ढकललाही. मग ती थांबली. तिने बोल्ट मागे घेतला, रायफल गवतात टाकली आणि तारांमधून अंग काढून धावत सुटली.

हरीशने तिला रायफल टाकताना पाहिलं.

डुकराने सुळ्याने त्याची मांडी फाडली होती. दुसऱ्या पायाने तो लाथा झाडत होता. त्याची रायफल खाली चिखलात पडलेली. वसुंधराने ती उचलली आणि आधी नळीचं तोंड पाहिलं. चिखल नव्हता. तिने बोल्ट मागे-पुढे केला. मूठ अलगद बसली. पण डुक्कर आणि हरीश एका रेषेत होते.

"ए! इकडे! इकडे ये!" ती जिवाच्या आकांताने किंचाळू लागली. डुकराने मान वर केली, ते वळलं आणि तिच्याकडे धावलं. ती बाजूला सरकली, हरीश रेषेतून बाहेर जाईपर्यंत थांबली, आणि मग चाप ओढला. ते तिच्या बुटांपाशी येऊन कोसळलं.

तिने मदतीचा इशारा पाठवणारा बीकन चालू केला, रायफलचा पट्टा सोडवून हरीशच्या मांडीला आवळला आणि दोन्ही मुठी जखमेवर रोवल्या.

"तुझ्या हातात बंदूक होती," हरीश पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तू टाकलीस."

"बोलू नकोस. माझ्याकडे बघ."

"टाकलीस तू."

हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत तिने मुठी हलवल्या नाहीत.

ऑपरेशन झालं, पाय वाचला. शुद्धीवर आल्यावर हरीश नर्सेसशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा; वसुंधरा आली की खिडकीकडे तोंड करायचा. तिनेही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सबब समजला असता.

मग पुरुषोत्तमकाका आले. तिने तपासायला दिलेली तिची रायफल त्यांच्याकडे होती. त्यांनी नळीच्या तोंडातून सळई घालून काढलेली गोळी हरीशच्या तळहातावर ठेवली. टोकाच्या मागे बारीक ओरखड्यांचं कडं उमटलेलं होतं.

"ही हिच्या रायफलीत अडकली होती. चूक माझी आहे, हरीश. मी माझ्या रायफलीच्या मापाने गोळ्या बसवल्या. हिच्या चेंबरचं माप घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही."

हरीशने गोळी बोटांत फिरवली. "आणि हिने मागून दुसरी मारली असती तर?"

"बोल्ट कदाचित हिच्या तोंडावर आला असता. आणि डुक्कर तुझ्या अंगावरच राहिलं असतं."

"मूठ जड लागली तेव्हाच थांबायला हवं होतं मला," वसुंधरा म्हणाली. "मी दाबली."

काका गेल्यावर हरीशने गोळी उशाशी ठेवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतास."

त्याने मान हलवली. "कळतंय सगळं. तरी डोळे मिटले की तू बंदूक टाकताना दिसतेस."

"दिसणारच," ती म्हणाली. "मला वेगळंच दिसतं. मी थांबत नाही. बोल्ट बंद करते, आणि चाप ओढते."

त्याने पाय सांभाळत पलंगावर थोडं सरकून घेतलं. ती त्याच्याशेजारी बसली. त्याने तिचे हात आपल्या हातांत घट्ट धरले.