भिंतीवरचं पाव्हनं

हवा मोजायचं मशीन आमच्या घरात आलं तवा पयलं भांडान म्याच काढलं. चाकणच्या एमआयडीसीला खेटून आमचं गाव. रस्त्यापल्याड कंपन्या, दिसरात ट्रक, आन् आळीतली निम्मी पोरं खोकत्यात. त्याचंच संशोधन करायला पुण्याच्या कॉलेजातली मिनल नावाची पोरगी आलती. डबी म्हनावी एवढं पांढरं मशीन तिनं माझ्या नातवाच्या पाळन्याजवळ भिंतीला लावलं आन् म्हनली, "आजी, हवेत धूळ-धूर किती आहे ते यात आपोआप कळतं. तुम्ही फक्त रोज राहता तसंच राहा. बाहेरची हवा आणि घरातल्या सवयी, दोन्ही बघायच्यात आम्हाला."

"आमच्या सवयीत काय बगायचंय ग?" म्या इचारलं. "ते समोरचं धुराडं दिसत न्हाई व्हय तुला? तितं जाऊन लाव की!"

"तिथंही लावलंय, आजी." पोरगी हसली. ती काय चिडंना, म्हून मलाच मुकाट चहा टाकावा लागला.

खरं दुखनं येगळंच व्हतं. माझा नातू गणराज आठ म्हयन्यांचा. त्याची छाती सारकी घरघरायची. डॉक्टरनं वाफेचं यंत्र घरीच घ्यायला लावलेलं. ते नाकातोंडाला लावलं की पोर असं रडायचं की माझ्या काळजाचं पानी व्हायचं. सून पुनम म्हनायची, हितली हवाच वंगाळ. पोरगा ज्ञानेश शिफ्ट करून आला की दोघं खोलीत हळू आवाजात बोलायची. एकदा कानावर आलंच. वाकडला फ्लॅट बगितलाय, मशीन काय सांगतं ते बगू आन् मंग ठरवू.

मला कुनी इचारलं न्हाई. मालक जाऊन चार वर्सं झाली. ही तिघं गेल्यावर मी या घरात काय करू, भिंतींसंगं भांडू?

तवाच म्या ठरवलं, मशीननं हवा चांगली म्हनलीच पायजे. आन् मला सांगा, पोरगी बगायला पाव्हनं आल्यावर कुनी रोजच्यावानी ऱ्हातं का? फाटकी गोधडी माळ्यावर टाकतो, ठेवनीतल्या कपबशा काढतो. ह्ये मशीन तरी काय, पाव्हनंच की!

आमच्या अंगनात तांब्याचा बंब हाय. आंघोळीचं पानी त्याच्यावरच तापतं. लाकूड कंपन्यांच्या मोडक्या खोक्यांचं, रंगबिंग लावलेलं. रोहिदास भंगारवाला आनून टाकतो. पेटवायला मशिनी पुसलेल्या तेलकट चिंध्या, त्याबी त्याच्याकडनंच. एक काडी लावली की भडका! धूर सरळ घरात शिरतो, पर त्याचं कुनाला काय वाटत न्हाई. गणराजाचं न्हाऊमाखू झालं की त्याच बंबातले निखारे घेऊन, वर ओवा-बाळंतशेपा टाकून त्याला धुरी. माझ्या सासूनं ज्ञानेशला अशीच दिलती.

आता आपल्या बंबाचा धूर म्हंजी काय कंपनीचा धूर न्हवं. पर मशीनला काय कळतंय, धूर कंपनीचा का माझा, ह्या भागूबाईचा? उगं नाव खराब व्हायचं. म्हून मशीन हाय तवर बंब बंद. पुनमला सांगितलं, तोटी गळतीया, पानी गॅसवर तापवू. धुरीचं इचारलं तर म्हनलं, ओवा सपलाय. मच्छरची कॉइल लपवली आन् मच्छरदानी लावली. शेजारच्या दादासाहेबानं कुंपनाला पाला पेटवला तर असला झापला त्याला की बिचारा बादली घेऊनच पळत आला.

मशीन काढायला मिनल आली तवा मोबाइलमधी रेघा बगून म्हनली, "अहो, सगळ्या आळीत चांगली हवा तुमच्या घरात आहे!"

"खरंच, एवढ्यात वाफ द्यावीच लागली नाही," पुनम म्हनली.

"मग वाकडचं राहू दे," ज्ञानेश म्हनला.

मला असा आनंद झाला म्हनून सांगू! मिनलला बळंबळं बसवून लोनी लावून थालीपीठं खाऊ घातली.

दुसऱ्या दिशी पहाटं बंब चिंचेनं घासला आन् झोकात पेटवला. जिकल्याचा जोर व्हता अंगात. पोराला न्हाऊ घातलं, धुरीबी चांगली दोन मुठी ओवा टाकून दिली. ती सपती न सपती तोच गणराज खोकला. मंग छातीतनं तीच घरघर. पुनमनं त्याला उचललं आन् आत पळाली. आतनं यंत्राचा आवाज आन् त्याच्यावर पोराचं रडनं.

मी निखाऱ्यापाशी तशीच बसले. समोरची कंपनी कालबी चालू व्हती, परवाबी व्हती. मंग आज बदललं काय? बंब! ज्या पोरासाठी एवढी लबाडी केली, त्याला मीच धूर पाजत व्हते. बादलीभर पानी ओतून बंब इझवला.

गुपचूप बंद केला असता तर कुनाला कळलं नसतं. पर आळीत घरोघरी तसलाच बंब, तसल्याच चिंध्या. आन् समदी कंपनीकडं बोट दाखवून बसल्याली. मी गप बसले तर त्या बाकीच्या लेकरांचं काय? सांगावं तर पुनम आजच बॅग भरंल, ही धास्ती. तरी आत गेले आन् समदं सांगून टाकलं. तोटी, ओवा, कॉइल, समदं.

पोर झोपल्यावर पुनमनं मिनलला फोन लावून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता ही शिकलेली पोरगी चांगली धुनार. तर ती म्हनली, "आजी, बरं झालं सांगितलंत. मशीन परत लावू. पण बंबाचं आळीत तुम्हीच सांगा, माझं कुणी ऐकत नाही."

"माझं न ऐकून जात्यात कुटं?" म्या म्हनलं.

फोन ठेवला तर पुनम माझ्याकडंच बगत व्हती. "आई, एवढं लपवलंत कशासाठी?"

"तुमी मला टाकून वाकडला जाल म्हून."

"टाकून?" तिचा आवाज चढला. "अहो, स्वस्तातला दोन खोल्यांचा फ्लॅट सोडून हे मोठ्या फ्लॅटच्या मागे लागले होते, ते कशाला? आईला देवघराशेजारची खोली पाहिजे, खिडकी पाहिजे म्हणून! तुम्ही यायला नाही म्हणाल, म्हणून तर तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं."

मला जे रडू फुटलं ते आवरंना. पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आन् रडता रडताच तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आदी सांगायला काय झालतं ग, भवाने? लगीच आले असते की मी!"