शहाळ्याची भीड

दुपारचे तीन वाजले की फिलिपिन्समधल्या आमच्या गिंबाल गावात कुणी एकटं खात नाही. आई होती तेव्हापासून हे असंच आहे. ती चर्चसमोर बसून पुतो विकायची. तांदळाचं पीठ आंबवून वाफवलेला, पांढरा, केळीच्या पानावर. शेजारणी आपापल्या घरचं काहीतरी घेऊन तिथंच टेकायच्या. पुढे आलेल्या बशीला ‘नको’ म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या घराला नावं ठेवणं. त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात. पण ह्याच रीतीपायी माझा भाऊ मरायला टेकला होता, आणि ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तासियो माझा धाकटा. बायको गेल्यापासून माझ्याकडे राहतो. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत म्हटल्यावर त्यानं चिचारोन सोडलं, ती डुकराच्या कातडीची खारी, कुरकुरीत तळण. सुकी मासळीही सोडली. गावानं कौतुक केलं. मग पुरिंग रोज शहाळं घेऊन यायला लागली. बाप्तिस्म्याच्या वेळी ती तासियोच्या मुलाची धर्ममाता झाली, म्हणून ती आमची कुमारे आणि तासियो तिचा कुमपारे. हे नातं रक्ताच्या नात्याहून नाजूक.

“पी कुमपारे, आतून धुऊन निघतं सगळं,” ती म्हणायची.

“दवाखान्यात त्याला शहाळं आणि केळी बंद सांगितलीत,” मी म्हटलं. “त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं.”

“मनांग,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला म्हणाली, “लहानपणी लघवीला जळजळलं की तुमची आई काय पाजायची?”

“तेव्हा मूत्रपिंडं धड होती आमची.”

“देवाचं पाणी कुणाला बाधतं का?”

तासियो माझ्यासमोर पेला बाजूला ठेवायचा आणि मी चुलीकडे वळले की रिकामा करायचा. एका सकाळी त्याचे पाय उचलेनात. छातीत काहीतरी अडखळतंय म्हणाला. इस्पितळात डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं तर हा म्हणतो, “खारट काहीच नाही.” प्यायचं विचारल्यावर मान खाली.

“का प्यायलास?” मी खाटेशेजारी बसून विचारलं.

“इतक्या उन्हात आणते ती. नाही कसं म्हणू?”

“तुझ्या मयताला येईल ना, तेव्हाही आणेल. तेव्हा उठून पी.”

तो घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी पुरिंग हजर. शहाळं सोललेलं, वर पेला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला.

“नको,” तो पुटपुटला.

“काय म्हणालास?” पुरिंगनं विचारलं.

“नको, कुमारे. ह्यानंच मी दवाखान्यात गेलो. पुन्हा आणू नकोस.”

पुरिंगचा चेहरा पडला. “म्हणजे मी विष पाजलं तुला?” ती म्हणाली, पेला उचलला आणि मागे न बघता निघून गेली. तासियो तिच्यामागे उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं आणि पुढ्यात एक पुतो ठेवला.

“रागावली गं ती.”

“रागावू दे. उद्या मी जाऊन तिची समजूत घालीन. तुझी घालायला इस्पितळ लागलं.”

त्यानं एक तुकडा मोडला. चावता चावता म्हणाला, “मनांग, नुसताच गोड आहे. एखादा तुकडा चिचारोनचा...”

“थोबाड फोडीन,” मी म्हटलं. “खा.”