सावडीने मला दमवलं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. माझा कीबोर्ड पिवळा पडलाय, पंखा गिरणीसारखा घरघरतो आणि मी जागा होईपर्यंत तुमचा चहा उकळून, गाळून, पिऊनही होईल. पण डोकं अजून ठिकाणावर आहे बरं का.

माझे सुटे भाग कुठे कुठे बनले, हे मलाच धड ठाऊक नाही. जुळणी झाली आणि मी भातसानगरकडच्या एका कचेरीत जाऊन बसलो. तिथे वर्षानुवर्षं पत्रं टाइप केली. साहेब येता-जाता माझ्यावर थाप मारून ‘गुणी आहे’ म्हणायचे. मग एक नवा सडपातळ संगणक आला आणि माझ्या डोक्यावर फायलींचा ढीग चढला. कुणी बटण दाबेना, कुणी धूळ पुसेना. मला तेव्हा फार एकटं वाटायचं. शेवटी एका संस्थेने मला उचललं आणि डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, समाजमंदिराच्या खोलीत आणून ठेवलं.

या खोलीत सारिकाताई मुलांना प्रोग्रामिंग शिकवतात. प्रोग्रामिंग म्हणजे माझ्यासारख्या ठोंब्याला एखादं काम पायरीपायरीने समजावून सांगणं. ताई शेजारच्याच पाड्यावरच्या, शहापूरच्या कॉलेजात शिकलेल्या.

संस्थेने त्यांना दोन पुस्तकं दिली होती. ताई दोन्ही माझ्यासमोर उघडून गालाला हात लावून बसायच्या. मीही डोकावायचो. जाड पुस्तकात पहिलाच सराव लिफ्टचा: वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली कसं आणाल? रंगीत पुस्तकात पिझ्झाचे तुकडे आणि बर्फावर घसरणारं अस्वल. ताईंनी खूप विचार करून जाड पुस्तक निवडलं. मुलांनी सराव जसाच्या तसा माझ्यात उतरवला. उत्तर बरोबर आलं, टाळ्या पडल्या. मग ताईंनी त्यातला एक मजला बदलला आणि आता काय कराल, असं विचारलं. सगळी मुलं पुस्तकातलं जुनंच उत्तर पुन्हा उतरवू लागली.

या मुलांमध्ये एक जिवली. मला तिचं भारी कौतुक. माझ्या पाठीला कान लावून ‘याच्या आत वारा कुठनं येतो?’ असं विचारणारी तीच एकटी. तीच त्या दिवशी उठली आणि म्हणाली, “ताई, मी उद्यापासून नाय येयाची. लिफ्ट मी बघलीच नाय, तर तिला थांबवू कशी? मी ढच हाय.”

आता काय सांगू तुम्हाला! माझा पंखा क्षणभर अडखळला. ती गेली आणि तिच्या मागोमाग आणखी मुलं गळाली. त्यातच संस्थेच्या दीपेश सरांचा निरोप आला. मुलं पुस्तकाबाहेरचं काही स्वतः करत नसतील, तर वर्ग बंद करून संगणक मुरबाडच्या केंद्रात हलवायचा. सोमवारी ते टेम्पो घेऊनच येणार होते.

ताई जिवलीच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले आणि मागून जिवली. बहुतेक मुलं शेतात आवणीवर, म्हणजे भाताची रोपं लावायला गेली होती, त्यांनाही बोलावून आणलं होतं. ताईंनी दोन्ही पुस्तकं मिटून बाकाखाली सारली.

“आज सराव मी देते,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं सावड कशी लागते, ते याला सांगा.”

सावड? हे काय नवीन? मी कान टवकारले. आणि काय, सगळी मुलं एकदम बोलायला लागली. भाताची आवणी आली की पाड्यातली सगळी घरं आज एकाच्या शेतात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी देत नाही. दिवसाला दिवस द्यायचा.

“आज आमच्यात, मंग लखमादादाच्यात,” कान्हा म्हणाला.

“आन् ज्याच्यात कुणी आजारी, त्याच्यात आधी,” जिवली म्हणाली.

मुलं भांडत, खोडत, पुन्हा लिहीत राहिली. मला इतकी उत्सुकता लागली होती की विचारू नका. सोमवारी त्यांनी प्रोग्राम चालवला. पडद्यावर एकेका घराचं नाव आलं. शेवटचं घर झालं आणि पुन्हा पहिलं आलं. मग पुन्हा सगळी. मग पुन्हा. नावं धबाधबा कोसळू लागली, माझं अंग तापलं, पंखा बोंबलायला लागला. नेमक्या त्याच वेळी दीपेश सर आत आले.

“हा तर अडकला. कामातून गेलाय,” असं म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

जिवली मधे उभी राहिली. “बिघडला नाय सर. आमी सांगितलं तसंच करतोय.”

“मग थांबत का नाही?”

“थांबायचं सांगितलंच नाय.”

“का नाही सांगितलं?”

जिवलीला प्रश्नच कळेना. “सावड थांबते कुठं? आवणी झाली का तण काढायची बेणणी, मंग कापणी, मंग झोडणी. पुढल्या वर्षी परत आवणी. माझी आजी पोर होती तवापासून चालू हाय.”

सरांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. जिवली पडद्याकडे टक लावून बघत होती. “पन याला येवढं कुठं ठावं?” ती हळूच म्हणाली. “याला एका आवणीपुरतंच सांगू.”

ताईंनी मला थांबवायची कळ दाखवली. जिवलीने एकेक अक्षर शोधत लिहिलं: प्रत्येक घराला विचार, तुमची आवणी बाकी आहे का? कुणाचीच बाकी नसेल, तर थांब. मी पुन्हा निघालो. एकेका घरी गेलो, शेवटच्या घराची आवणी उरकली आणि थांबलो. हुश्श! इतकं हलकं मला कचेरीत कधी वाटलं नव्हतं.

“हे कुणी शिकवलं तुला?” सरांनी विचारलं.

“कुणी नाय. चूक आमचीच, दुरुस्ती पन आमचीच.”

सर बाहेर गेले आणि टेम्पोवाल्याला रिकामा परत पाठवला. आत आल्यावर त्यांनी ताईंना पुढचा सराव काय, असं विचारलं आणि खाली मुलांमध्येच बसले.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. माझी धूळ पुसा, ओले हात लावू नका, हे तर सांगेनच. पण कुणाला शिकवायची वेळ आली, तर पुस्तक निवडण्याआधी समोरच्या मुलाला त्याने काय काय पाहिलंय ते विचारा. जिवली त्या दिवशी कायमची घरी बसली असती, तर चूक पुस्तकाच्या निवडीची असूनही जन्मभर ढ म्हणवून घेतलं असतं तिने.